लिहून देणाऱ्याची राजीखुशी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्यू कुटुंबांच्या हातून गेलेल्या चित्रसंग्रहांविषयीचा लेख वाचला. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्जेंटिनातील मार देल प्लाता या शहरात विक्रीला काढलेल्या एका घराच्या जाहिरातीत, दिवाणखान्यातल्या सोफ्याच्या वर टांगलेले एका स्त्रीचे व्यक्तिचित्र डच पत्रकारांच्या नजरेस पडले आणि ते जुझेप्पे गिस्लांदी या इटालियन चित्रकाराचे, १९४० साली ॲमस्टरडॅममधून गेलेले चित्र असल्याचे पुढे आले, ही हकिगत आपल्या लेखकाने रंगवून सांगितली आहे. लेखाच्या उत्तरार्धातला युक्तिवाद मात्र मला मुळीच पटला नाही. उघड लूट आणि रीतसर विक्री यांत फरक केला पाहिजे, ज्या चित्रांच्या पावत्या व करारपत्रे आहेत त्यांवर ८० वर्षांनी वारसांनी दावा सांगणे म्हणजे झालेला सौदा मोडणे होय, आणि तसेही हे वारस चित्र हाती येताच लिलावात काढतात, असा त्याचा गोषवारा आहे. यातल्या पहिल्या मुद्द्यावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण उरलेले दोन्ही त्याच्याच टेकूवर उभे आहेत.

मी चित्रकलेचा जाणकार नाही. धामणगाव रेल्वे तालुक्यात दस्तलेखक म्हणून माझी हयात गेली आणि त्यामुळे कागदाचे बळ काय असते व त्याची मर्यादा कुठे येते, एवढे मला ठाऊक आहे. आमच्याकडच्या प्रत्येक खरेदीखताच्या शेवटी एक ठरावीक वाक्य येते: हे खरेदीखत मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून दिले असून भरण्याची संपूर्ण रक्कम मला पावली आहे. मृग तोंडावर आलेला, घरात बियाण्याला पैसा नाही, म्हणून सावकाराकडे गेलेला आणि गहाणाऐवजी सरळ खरेदीखतावर अंगठा देऊन आलेला शेतकरीसुद्धा हेच वाक्य लिहून देतो. त्यात मुद्रांक खरा असतो, अंगठा त्याचाच असतो, साक्षीदार गावातलेच असतात आणि निबंधकासमोर विचारले तर तो मान डोलावून होय म्हणतो. तरीही ती विक्री राजीखुशीची होती असे आमच्या भागातला कोणीही शहाणा माणूस मानत नाही, आणि आता कायदाही मानत नाही. त्याकडे मी पुढे येतोच.

नाझी राजवटीने ज्यूंची मालमत्ता हिसकावली ती दरोडेखोरासारखी दार फोडून, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. दारे फोडलीही गेली. ९ व १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री तर साऱ्या जर्मनीत फोडली गेली. परंतु कलासंग्रहांच्या बाबतीत खुद्द जर्मनी व ऑस्ट्रियात जे झाले त्याचा बराच मोठा भाग अर्ज, नमुने, दाखले, मूल्यांकने आणि लिलावाच्या छापील यादीच्या मार्गाने झाला. देश सोडणाऱ्याने आपल्या मालमत्तेचा चौथा हिस्सा कर म्हणून भरावा हा नियम १९३१ चा, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या आधीचा. नाझींनी त्याची मर्यादा खाली आणून तो ज्यूंच्या गळ्याला लावला. २६ एप्रिल १९३८ च्या फर्मानाने ५,००० राइशमार्कांहून अधिक मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूने तिची नोंद सरकारी नमुन्यात करून द्यायची होती, आणि त्या नमुन्यात दागदागिने, चैनीच्या वस्तू, कलावस्तू व संग्रह यांच्यासाठी वेगळा रकाना होता. म्हणजे कोणाच्या घरात कोणते चित्र आहे, हे ज्याचे त्यानेच सही करून सरकारला कळवले. नोव्हेंबरच्या त्या रात्रीनंतर ज्यूंवरच १ अब्ज राइशमार्कांचा दंड बसवण्यात आला. फेब्रुवारी १९३९ मध्ये सोनेचांदी व रत्ने सरकारी तारणघरात जमा करण्याचा हुकूम निघाला; लग्नाची अंगठी तेवढी ठेवता येत होती. शेवटी नोव्हेंबर १९४१ मध्ये अकराव्या पुरवणी फर्मानाने असे ठरले की जो ज्यू देशाबाहेर राहतो त्याचे नागरिकत्व जाते व त्याची मालमत्ता सरकारजमा होते. यात जे पळून गेले ते तर आलेच, पण ज्यांना सरकारनेच आगगाडीत कोंबून सीमेपलीकडे नेले, तेही कागदोपत्री देशाबाहेर राहणारेच ठरले.

आता अशा माणसाने १९३८ किंवा १९३९ साली एखादे चित्र विकले असेल तर त्या विक्रीची पावती असणारच, आणि ती खरीही असणार. कर भरण्यासाठी, दंड भरण्यासाठी, प्रवासाच्या परवान्यासाठी त्याला रोख रक्कम हवी होती. घेणाऱ्याला हे ठाऊक होते. भाव त्यानुसार पडला. आणि बहुधा तो पैसाही विकणाऱ्याच्या हातात न येता गोठवलेल्या खात्यात गेला.

बर्लिनच्या लिली कासिरर यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर कॅमिल पिसारो यांचे १८९७ सालचे, पॅरिसमधील सेंट ऑनोरे रस्त्यावरच्या पावसाळी दुपारचे चित्र होते. चित्रकाराने ते हॉटेलच्या खिडकीतून खाली पाहत रंगवलेले आहे, ओला रस्ता, घोडागाड्या आणि छत्र्या. हे चित्र सासरच्या घराण्याने १९०० साली विकत घेतलेले होते. १९३९ मध्ये जर्मनी सोडण्याची परवानगी हवी असेल तर ते ९०० राइशमार्कांना द्या, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी दिले. ती रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्यातून त्यांना एक पैसाही काढता येणार नव्हता. सौदा, किंमत आणि भरणा, दस्ताला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी इथे पूर्ण आहेत. आपल्या लेखकाच्या कसोटीने हा सौदा पक्का म्हणावा लागेल.

व्हिएन्नातील फ्रिट्झ ग्रुनबाउम यांची हकिगत याहून भयंकर आहे. ते रंगमंचावर विनोदी कार्यक्रम करीत, लोकप्रिय होते, आणि चित्रांचे शौकीन असल्यामुळे त्यांच्याकडे ४४९ कलाकृती जमल्या होत्या. त्यांत ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीले यांची ८० च्या वर चित्रे व रेखाटने होती. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांना पकडून डाखाउच्या छळछावणीत टाकले. तेथे १६ जुलै १९३८ रोजी त्यांच्याकडून पत्नीच्या नावे मुखत्यारपत्र लिहून घेण्यात आले. दस्तलेखक या नात्याने मला त्या कागदाची फार उत्सुकता आहे, कारण मुखत्यारपत्रात लिहून देणाऱ्याचा सध्याचा पत्ता घालावा लागतो. चार दिवसांनी सरकारी मूल्यमापक घरी आला आणि त्याने सबंध संग्रहाची किंमत ५,७९१ राइशमार्क अशी नोंदवली. ग्रुनबाउम १४ जानेवारी १९४१ रोजी डाखाउमध्येच मेले. मुखत्यारपत्र ज्यांच्या नावे होते त्या लिली ग्रुनबाउम यांना १९४२ मध्ये मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्स येथे नेऊन ठार मारण्यात आले. संग्रहातील शीले यांची अनेक चित्रे १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्नच्या बाजारात आली आणि तिथून अमेरिकेत पसरली.

या चित्रांवरून अमेरिकेत दोन वेगवेगळे निकाल लागले, ते आपल्या वाचकांनी मुद्दाम शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. एका रेखाटनाच्या दाव्यात संघीय न्यायालयाने वारस फार उशिरा आले एवढ्या कारणावरून त्यांच्याविरुद्ध निकाल दिला व २०१२ मध्ये तो अपिलात कायम झाला. पुढे दुसऱ्या दोन चित्रांच्या दाव्यात न्यूयॉर्क राज्याच्या न्यायालयाने २०१८ मध्ये, आणि २०१९ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने, छळछावणीत सही केलेले मुखत्यारपत्र स्वेच्छेचे मानण्यास साफ नकार दिला. माणूस तोच आणि संग्रहही तोच होता. एका न्यायालयाने दिनदर्शिका पाहिली आणि दुसऱ्याने सही कुठे झाली ते पाहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांच्या कारवाईनंतर अमेरिकेतील संग्रहालयांनी व खाजगी धारकांनी शीले यांची ७ चित्रे वारसांच्या हवाली केली.

व्यापलेल्या देशांत पद्धत देशागणिक बदलली, पण कागद सुटला नाही. फ्रान्समध्ये, देशाबाहेर पळून गेलेल्या ज्यूंचे नागरिकत्व जर्मनधार्जिण्या व्हिशी सरकारने काढून घेतले आणि जर्मनांनी त्यांची घरे व संग्रह बेवारस ठरवले. मालक जिवंत आहे, कुठे आहे तेही ठाऊक आहे, तरी माल बेवारस. रॉथशिल्ड, दाव्हिद-वेल, आल्फोन्स कान, पॉल रोझेनबर्ग अशा २०० हून अधिक संग्रहांतील २०,००० हून अधिक वस्तू नाझी पुढारी आल्फ्रेड रोझेनबर्ग यांच्या नावाने चालणाऱ्या पथकाने गोळा केल्या. (लुटणारा रोझेनबर्ग आणि लुटला गेलेला रोझेनबर्ग यांचा एकमेकांशी नावापलीकडे संबंध नाही; आपल्या लेखात एके ठिकाणी त्यांची गल्लत झालेली दिसते.) पॅरिसच्या ज्यू द पोम या संग्रहालयात हा माल मांडला जाई आणि हिटलरचा उजवा हात हर्मन गोरिंग तेथे सुमारे २० वेळा स्वतः येऊन आपल्यासाठी चित्रे निवडून गेला. तेथे काम करणाऱ्या रोझ व्हालाँ या फ्रेंच बाईंना जर्मन भाषा कळते हे जर्मनांना माहीत नव्हते. कोणती पेटी कोठे रवाना झाली याची टिपणे त्या चोरून ठेवत राहिल्या आणि युद्ध संपल्यावर त्या टिपणांच्या आधारेच बव्हेरियातील नॉयश्वानस्टाइन किल्ल्यातला साठा हाती आला. हॉलंडमध्ये तर कमालच झाली. लिपमन-रोझेन्थाल ही ॲमस्टरडॅममधली ज्यूंची जुनी, पत असलेली पेढी होती. जर्मनांनी तिच्याच नावाने सार्फाती रस्त्यावर एक बनावट शाखा उघडली, आणि १९४१ व १९४२ च्या फर्मानांनी साऱ्या ज्यूंना आपला पैसा, दागिने व कलावस्तू तेथे नेऊन भरायला लावल्या, म्हणजे ओळखीच्या पेढीत ठेव ठेवल्यासारखे लोकांना वाटावे. ठेवीदारांच्या नावाने खाती उघडली गेली, नोंदी झाल्या. पावत्यांवर विश्वास असणाऱ्यांनी ही पेढी अवश्य अभ्यासावी.

मार देल प्लाता येथील चित्र ज्यांचे, त्या ॲमस्टरडॅमच्या ज्यू चित्रव्यापारी जॅक गौडस्टिकर यांच्याविषयी आपल्या लेखात 'त्यांनी पेढी विकून देश सोडला' असे वाक्य आहे. हे वाक्य चुकीचे आहे आणि त्याची दुरुस्ती छापावी. जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्यावर १४ मे १९४० रोजी गौडस्टिकर पत्नी व तान्ह्या मुलासह जहाजाने निघाले, आणि १६ मे रोजी रात्री, दिवे मालवलेल्या जहाजाच्या डेकवर चालत असताना उघड्या तळघरात पडून मरण पावले. त्यांच्या खिशात काळ्या पुठ्ठ्याची एक छोटी वही सापडली; तीत १,१०० हून अधिक चित्रांची क्रमवार यादी होती. पेढीचा व्यवहार झाला तो जुलै १९४० मध्ये, पाठीमागे राहिलेल्या नोकरांच्या हातून. चित्रे गोरिंगने २० लाख गिल्डरांना घेतली आणि पेढीचे नाव व इमारती अलोइस मीडल या जर्मन व्यापाऱ्याने घेतल्या. परदेशी पोचलेल्या विधवेने संमती नाकारली होती. लिहून देणारा समुद्रावर मेलेला, वारस नाही म्हणते, आणि लिहून घेणारा त्या देशावर चालून आलेल्या राज्याचा दुसऱ्या क्रमांकाचा माणूस! असा दस्त घेऊन कोणी आमच्या दुय्यम निबंधकाकडे गेला असता तर शिपायानेच त्याला पायरीवरून परत पाठवले असते. तरीही युद्धानंतर मित्रराष्ट्रांनी ही चित्रे हॉलंडला परत केली तेव्हा डच सरकारने, विक्री स्वेच्छेची होती, असे म्हणून ती आपल्याच संग्रहालयांत लावली. १९९० च्या दशकात वारसांनी केलेली मागणीही आधी फेटाळली गेली. २००६ च्या फेब्रुवारीत त्यांपैकी २०२ चित्रे परत देण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्या काळ्या वहीचा मोठाच आधार झाला.

आता कायद्याकडे येतो. हा सारा काथ्याकूट आजच्या लोकांनी मागाहून काढला आहे असे आपल्या लेखकाला वाटते, आणि भारताचा या प्रकरणाशी काही संबंध नाही असेही त्यांनी जाताजाता म्हटले आहे. ५ जानेवारी १९४३ रोजी, म्हणजे युद्धाचा निकाल अजून लागायचा होता तेव्हा, लंडनमध्ये मित्रराष्ट्रांनी एक जाहीरनामा काढला. शत्रूच्या ताब्यातील प्रदेशांत झालेले मालमत्तेचे व्यवहार रद्दबातल ठरवण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो, मग ती उघड लूट असो की दिसायला कायदेशीर असलेला व्यवहार असो, आणि तो स्वेच्छेने केला असे कागदात म्हटलेले असले तरीही, असा त्याचा आशय आहे. या जाहीरनाम्यावर १७ सरकारांची व फ्रेंच राष्ट्रीय समितीची नावे आहेत, आणि त्या १७ मध्ये भारताचे नाव आहे. ते सरकार आपण निवडलेले नव्हते, हे खरे. पण घेणाऱ्याला १९४३ मध्येच जाहीर नोटीस मिळालेली होती, एवढे तरी यावरून ठरते. पुढे नोव्हेंबर १९४७ मध्ये जर्मनीतील अमेरिकी लष्करी अंमलाने ५९ क्रमांकाचा कायदा केला. त्याने पुराव्याचे ओझे फिरवले: ३० जानेवारी १९३३ नंतर, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यापासून, ज्या माणसाचा छळ होत होता त्याने केलेली विक्री सक्तीचीच मानायची, आणि भाव रास्त होता, पैसा विकणाऱ्याच्या हाती पडला व तो त्याला मोकळेपणी वापरता आला, हे घेणाऱ्याने सिद्ध करायचे. ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेणाऱ्या सप्टेंबर १९३५ च्या न्युरेम्बर्ग कायद्यांनंतरच्या विक्रीला कसोटी त्याहूनही कडक होती.

आमच्या भागातील वाचकांना हे परके वाटणार नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ प्रमाणे, अवैध सावकारीच्या ओघात खरेदीखताने वा गहाणखताने सावकाराकडे गेलेली जमीन चौकशी करून मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला मिळालेला आहे. खरेदीखत नोंदलेले आहे, फेरफार मंजूर आहे, सातबाऱ्यावर सावकाराचे नाव चढलेले आहे, या तिन्ही गोष्टी अशा चौकशीत सावकाराला वाचवू शकत नाहीत. ज्या महाराष्ट्राने हा कायदा केला त्याच महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्राने गोरिंगच्या खरेदीखताला रीतसर विक्री म्हणावे, याचे मला नवल वाटले. ही तुलना मी फार ताणू इच्छित नाही. आमच्या शेतकऱ्याने निदान कर्ज घेतलेले असते, आणि सावकार कितीही पाषाणहृदयी असला तरी तो शेतकऱ्याला बायकामुलांसह मारून टाकायला निघालेला नसतो. कासिरर, ग्रुनबाउम, गौडस्टिकर हे कोणाचे देणेकरी नव्हते, आणि त्यांच्या समाजातील सुमारे ६० लाख माणसे मारली गेली. त्यामुळे आमच्या कायद्याला जो संशय खरेदीखतावर घ्यावासा वाटतो, तो तेथे शतपटीने घ्यायला हवा.

मुदतीचा मुद्दा. अमेरिकी अंमलाच्या वर उल्लेखिलेल्या कायद्याखाली दावा दाखल करण्याची अखेरची तारीख ३१ डिसेंबर १९४८ होती, म्हणजे जेमतेम चौदा महिने. आणि दावा करायचा कोणी, तर छावणीतून उरलेल्या किंवा शांघाय, मुंबई, ब्यूनोस आयर्सपर्यंत पांगलेल्या माणसाने, ज्या चित्राचा ठावठिकाणा त्याला ठाऊक नाही त्याविषयी. ऑस्ट्रियात याहून विचित्र प्रकार घडला. युद्धानंतर रॉथशिल्ड कुटुंबाला त्यांच्या वस्तू कागदोपत्री परत मिळाल्या, पण त्या देशाबाहेर नेण्याचा परवाना हवा असेल तर काही उत्तम चित्रे व वस्तू सरकारी संग्रहालयांना 'दान' करा, अशी अट घालण्यात आली. दानपत्रे झाली. १९९८ मध्ये ऑस्ट्रियाने नवा कायदा केल्यावर १९९९ मध्ये अशा सुमारे २५० वस्तू त्यांना परत करण्यात आल्या. म्हणजे उशीर झाला तो वारसांच्या आळसामुळे, असे म्हणायला फारशी जागा नाही. फ्रान्समध्ये जर्मनीहून सुमारे ६१,००० कलावस्तू परत आल्या, त्यांपैकी सुमारे ४५,००० मालकांना मिळाल्या, हे कौतुकास्पदच. पण उरलेल्यांपैकी सुमारे १३,००० सरकारने विकून टाकल्या आणि २,००० च्या आसपास संग्रहालयांत राहिल्या. नोरा स्टियास्नी यांनी १९३८ मध्ये व्हिएन्नात कवडीमोलाने विकलेले आणि पुढे फ्रेंच सरकारने १९८० मध्ये भाबडेपणाने बाजारातून घेतलेले ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्ट यांचे गुलाबाच्या झुडपांचे चित्र परत द्यायला फ्रान्सला २०२२ मध्ये संसदेत खास कायदा करावा लागला. स्टियास्नी १९४२ मध्येच मारल्या गेल्या होत्या.

कासिरर प्रकरण तर अजून मिटलेले नाही. ते चित्र १९९३ पासून स्पेन सरकारच्या मालकीच्या थिसेन-बोर्नेमिझा संग्रहालयात माद्रिदला आहे. लिली कासिरर यांच्या नातवाला २००० च्या सुमारास त्याचा पत्ता लागला, २००५ मध्ये दावा लागला आणि २०१० मध्ये नातूही वारला. स्पेनच्या कायद्यात बराच काळ उघड ताबा असला की मालकी पक्की होते, आपल्याकडे प्रतिकूल कब्जाने होते तशीच. त्याच आधारावर जानेवारी २०२४ मध्ये अपिलाचा निकाल संग्रहालयाच्या बाजूने लागला. त्यानंतर कॅलिफोर्नियाने अशा दाव्यांसाठी नवा कायदा केला आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी खाली पाठवले. १९५८ मध्ये पश्चिम जर्मनीने लिली यांना १,२०,००० मार्क भरपाई दिली होती हे संग्रहालयाची बाजू घेणारे नेहमी सांगतात. ते खरे आहे. चित्र हरवले असे दोन्ही पक्ष समजत असताना ती रक्कम दिली गेली, हेही खरे आहे.

डिसेंबर १९९८ मध्ये वॉशिंग्टनला ४४ देशांनी मान्य केलेली, नाझींनी बळकावलेल्या कलाकृतींविषयीची तत्त्वे कोणावर बंधनकारक नाहीत, आणि त्यांत न्याय्य व रास्त तोडगा काढावा एवढेच म्हटले आहे, हा आपल्या लेखकाचा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. मात्र त्या ढिलेपणाचा एक फायदाही झाला. आजचा धारक पुष्कळदा निर्दोष असतो. त्याने भर बाजारात पूर्ण पैसे मोजलेले असतात. गुटमन या ज्यू कुटुंबाच्या मालकीच्या, फ्रेंच चित्रकार देगा यांच्या निसर्गचित्राबाबत १९९८ मध्ये झालेली तडजोड याचा नमुना म्हणून सांगता येईल: धारकाने आपला अर्धा हिस्सा शिकागोच्या संग्रहालयाला दिला आणि उरलेल्या अर्ध्याचे पैसे संग्रहालयाने वारसांना दिले. चित्र सर्वांना पाहायला भिंतीवर राहिले. मार्च २०२४ मध्ये या तत्त्वांना जोडलेल्या नव्या मार्गदर्शनात, छळ होत असलेल्या माणसाने १९३३ ते १९४५ या काळात केलेली विक्रीसुद्धा परिस्थिती पाहून अनिच्छेची मानता येईल, असे स्पष्ट म्हटले गेले आहे.

वारस चित्र विकतात, याचे उत्तर दोन वाक्यांत देता येते. मालकाला आपली वस्तू विकण्याचा हक्क असतो. मारिया आल्टमन यांनी २००६ मध्ये आपल्या काकूचे, ॲडेल ब्लॉख-बाउअर यांचे क्लिम्टने केलेले चित्र ऑस्ट्रियाकडून परत मिळवून विकले, आणि ते आज न्यूयॉर्कमध्ये कोणालाही तिकीट काढून पाहता येते.

भारताच्या संबंधाविषयी आणखी थोडे, कारण आमच्या तालुक्याचा त्यात मान आहे. नाझींमुळे युरोप सोडलेली तीन माणसे त्या काळात मुंबईत होती: बर्लिनचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडेन, पत्नीच्या ज्यू मुळामुळे व आपल्या राजकीय मतांमुळे व्हिएन्ना सोडावे लागलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, आणि व्हिएन्नाचे ज्यू कलासंग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुण चित्रकारांना या तिघांनी सल्ला दिला, त्यांच्याविषयी लिहिले, त्यांची चित्रे विकत घेतली. त्या गटाच्या सहा संस्थापकांपैकी एक, हरी अंबादास गाडे, हे आमच्या तळेगाव दशासरचे. दुसरे, सय्यद हैदर रझा, नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले. युरोपात जी राजवट लोकांच्या भिंती रिकाम्या करत होती तिने हुसकावलेल्या माणसांनी इथे येऊन वऱ्हाडातल्या एका पोराच्या चित्राला भिंत दिली. तळेगावात शंकरपटाविषयी विचारले तर लहान मूलही सांगेल. गाडे यांच्याविषयी विचारले तर सांगणारा शोधावा लागतो, तो भाग वेगळा.

चित्राच्या मालकीचा माग काढणारे लोक चित्र उलटे करून पाहतात, असे वाचले तेव्हा मला फार ओळखीचे वाटले, कारण मुद्रांकाचा कागद हाती आला की आम्हीही आधी मागची बाजू बघतो: कोणी विकला, कोणाच्या नावाने, कोणत्या तारखेला. ज्यू द पोममधून गेलेल्या चित्रांच्या पाठीवर संग्रहानुसार सांकेतिक अक्षरे व आकडे असत; रॉथशिल्डसाठी आर, दाव्हिद-वेलसाठी डी डब्ल्यू. माद्रिदच्या त्या पिसारोच्या पाठीवर बर्लिनमधील कासिरर यांच्या गॅलरीच्या लेबलाचा फाटका तुकडा चिकटलेला होता, आणि तरी तो १९७६ मध्ये बॅरन थिसेन यांनी चित्र विकत घेतले तेव्हाही कोणी पाहिला नाही, १९९३ मध्ये ते स्पेनकडे गेले तेव्हाही नाही. पॅरिसमधून गेलेल्या वस्तूंची यादी आणि जर्मन सरकारच्या मदतीने चालणारी हरवलेल्या कलावस्तूंची यादी आज इंटरनेटवर फुकट पाहता येतात. जुन्या युरोपीय चित्रांचा व्यवहार करणाऱ्या मुंबई-नागपूरच्या मंडळींनी त्या पाहायला हरकत नाही.

आपल्या लेखासोबत चार चित्रे छापली आहेत. त्यांच्याखाली चित्रकाराचे नाव, साल व सध्याचे संग्रहालय एवढेच दिले आहे. गौडस्टिकर यांच्याविषयीच्या दुरुस्तीबरोबरच, ही चित्रे ज्या घरांतून गेली त्या कुटुंबांची नावेही पुढच्या अंकात छापावीत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दस्तलेखक
ता. धामणगाव रेल्वे, जि. अमरावती